कडुबा शिंगाडे यांचे बेटावरचे अकरा महिने

कडुबा शिंगाडे आमच्या कारखान्यात प्रेस शॉपला होता आणि मी हिशेब विभागात. वाळूजच्या वसाहतीत अशी हजारो माणसे एकाच फाटकातून रोज आत येतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. कडुबाची ओळख झाली ती रजेच्या अर्जामुळे. तो सातवी शिकलेला. अर्ज लिहायचा म्हटले की त्याला घाम फुटे, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभा राही. एकदा अर्ज लिहून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमचा डावा गुडघा दुखतोय. चार दिवस झाले."

मी घरीसुद्धा कुणाला सांगितले नव्हते. विचारले, तुला कसे कळले?

"चालीवरनं. जितराब बोलत नाय ना, मग चालच बघावी लागती."

त्याचे घराणे सोयगाव तालुक्यातले, मेंढ्या राखणारे. वडील मुंजाबा पावसाळ्यानंतर कळप घेऊन निघत आणि उन्हाळ्यात नाथसागर धरणाच्या ओसरलेल्या काठापर्यंत येत. कडुबाने वयाच्या चोविसाव्या वर्षी कळप धाकट्या भावाच्या हवाली केला आणि बजाजनगरला येऊन नोकरी धरली. पत्रा उचलायचा, प्रेसखाली ठेवायचा, हात मागे घ्यायचा. बावीस वर्षे. बहुतेक वेळा रात्रपाळी, कारण तिला भत्ता होता.

तो राहायचा दोन चुलत भावांबरोबर, दोन खोल्यांत तीन संसार. त्याची बायको ज्ञानेश्वरीही मेंढपाळाच्याच घरातली. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे तिने सासऱ्याच्या कळपाबरोबर उघड्यावर काढली आणि नंतरची बावीस या दोन खोल्यांत, जावांच्या मध्ये. एकुलती मुलगी तनुजा गेल्या वर्षी फर्दापूरला दिली. मुलीच्या लग्नानंतर ज्ञानेश्वरीबाई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "वहिनी, आमचं दोघांचं घर असं कधी झालंच नाय बघा. म्या भाकर टाकायची अन् ह्यांनी समोर बसून खायची, मधी कुणी नाय, असं येक दिवस पण नाय." हे त्यांनी हसत सांगितले होते.

मग कारखान्यात पत्रा उचलणारा यांत्रिक हात आला. प्रेस शॉपच्या चौदा जणांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या केल्या, त्यात कडुबा एक. वय सेहेचाळीस. तीन महिने तो एका गोदामावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. त्याच सुमारास मला धम्मपाल साळवेचा फोन आला. धम्मपाल पूर्वी आमच्याकडे स्टोअरला होता. नोकरी सोडून तो एका संस्थेत गेला आणि फिरत फिरत अंदमानच्या एका लहानशा बेटावर शेळीपालनाच्या प्रकल्पाचा प्रमुख झाला. संस्था तिथे शेळ्या वाढवायची आणि बेटावरच्या कुटुंबांना द्यायची. "काकासाहेब, इथं पदवीवाले येतात अन् दोन महिन्यांत पळतात," तो म्हणाला. "मला पदवी नको. शेळी कळणारा माणूस द्या. पहिलं वर्ष कराराचं. वर्ष नीट गेलं की पक्का करतो. मग दोन खोल्यांचं क्वार्टर, बायकोला आणता येईल."

मी कडुबाला बोलावून सांगितले. त्याने एकच प्रश्न विचारला.

"शेळ्या का मेंढ्या?"

"शेळ्या."

"शेळी लई द्वाड. पण चालतंय."

क्वार्टरचे ऐकल्यावर मात्र तो दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीबाईंना घेऊन आला. त्यांनी मला नीट, पुन्हा पुन्हा विचारले. दोन खोल्या म्हणजे फक्त आमच्याच का? स्वयंपाकघर वेगळे का? मी हो म्हणालो. अर्ज मीच भरला. प्रेस शॉपमधल्या जुन्या सोबत्यांनी त्याची भरपूर फिरकी घेतली. "काळ्या पाण्यावर चालला, भाऊ! कुणाचा मुडदा पाडला ते तरी सांग." कडुबा म्हणाला, "सुपरवायझरचा पाडायचा राहून गेला बघ."

निघण्याआधी आईला भेटायला तो सोयगावकडे गेला, तेव्हा मीही बरोबर होतो. माझी बहीण त्याच भागात दिलेली आहे. त्याची आई दगडाबाई धाकट्या मुलाच्या वाड्यावर होती. वाडा म्हणजे घर नव्हे. या लोकांचा जिथे मुक्काम पडतो, मेंढ्या, घोडी, चूल, कोंबड्या, सगळे मिळून तो वाडा. एका कापूस निघालेल्या रानात मेंढ्या बसवलेल्या होत्या आणि भोवती वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, खुंट्यांना बांधलेले होते.

"समिंदर नाथसागराएवढा आसंल का?" म्हातारीने विचारले.

"मोठा आसतोय म्हणं," कडुबा म्हणाला.

"आसू दे. पाण्याला कोण घाबरतंय? येक ध्यानात ठिव. आमुशाला वाडा हलवू नको. कुठं बी जा, आमुशाला जिथं हायेस तिथंच ऱ्हायचं."

मी तेव्हा हसलो असेन. येताना बसमध्ये कडुबाने त्यामागची गोष्ट सांगितली. त्याच्या जन्माआधी एकदा मुंजाबाने अमावास्येला वाडा हलवला होता. रानमालकाला पेरणीची घाई होती, त्याने ऐकले नाही. पहाटे फर्दापूरच्या रस्त्यावर ट्रक कळपात घुसला. अकरा मेंढ्या गेल्या आणि सहा वर्षांचा थोरला मुलगा गेला. त्यानंतर जो मुलगा झाला त्याचे नाव कडुबा ठेवले, मरणाने तोंडात घातले तरी थुंकून टाकावे म्हणून. तेव्हापासून शिंगाड्यांच्या घरात अमावास्येला कुणी खुंटी उपटत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो बेटावर पोहोचला. फोनला तिथे रेंज फक्त धक्क्यावर मिळे, तीही कधी असे, कधी नसे. कडुबा धक्क्यावर उभा राहून व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवी आणि ज्ञानेश्वरीबाई ते ऐकायला आमच्याकडेही आणत. पहिल्या निरोपात तो म्हणाला होता, "झोप लागती. समिंदराचा आवाज आपल्या प्रेस शॉपवानी हाय, रातभर धडधड. म्हणूनच लागती."

राहायला पत्र्याची एक खोली होती. पाऊस सुरू झाला तो थांबेना. अंथरूण, कपडे, काड्यापेटी, सगळे ओलसर. भात आणि मासे. मासे तो खात नसे. ज्ञानेश्वरीबाईंनी पार्सलने ज्वारीचे पीठ पाठवले, ते बावीस दिवसांनी पोहोचले तेव्हा त्यात अळ्या झालेल्या. मग त्याने खोलीमागे मूठभर ज्वारी पेरली. ती डोक्याच्या वर गेली, पण पावसाने कणसात दाणाच धरला नाही. शेळ्यांनी मात्र कडबा आवडीने खाल्ला. "निदान कुणी तरी जेवलं," तो म्हणाला.

काम त्याला अवघड गेले नाही. पंधरा दिवसांत त्याने सगळ्या शेळ्या तोंडावरून ओळखल्या. धम्मपालने कानाला नंबरचे बिल्ले लावले होते. कडुबा म्हणे, बिल्ला पडला तर शेळी हरवती का? आधी बेटावरचे लोक हसत. मग एकेकजण आपली आजारी शेळी घेऊन त्याच्या दारात यायला लागला. संध्याकाळी तो नुसता दारात बसला तरी दोन-तीन माणसे जमत. त्याच्या हिंदीची तिथे मोठी करमणूक झाली. आपल्याकडची हिंदी, निम्मी दखनी. तो "हौ" आणि "नक्को" म्हणाला की पोरे त्याच्या मागे "हौ, नक्को" करत पळत.

त्याचा खरा सोबती निताईदा. हा साठीचा बंगाली माणूस, खेकडे पकडणारा. प्रकल्पाकडून त्याला एक लहानसे काम दिलेले होते. भरती-ओहोटीची वेळ बघायची आणि शेळ्या काठाला असतील तर आधी सांगायचे. निताईदा कडुबाला विचारी, "तुम्हारा हिंदी कौन देश का है?" कडुबा सांगे, "संभाजीनगर का." "उधर सब ऐसाच बोलता?" "हौ, सब ऐसाइच." दोघे हसत आणि विडी पेटवत.

डिसेंबरात धम्मपालने क्वार्टर दाखवले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नारळाची तीन झाडे. वर्ष पुरे झाले की ते त्याचे. कडुबाने लगेच तिथे चूल घातली. गॅस मिळणार होता, तरी घातली. भिंतीला चुना लावला. खिडकीखाली एक ओटा बांधला आणि त्याचा फोटो पाठवला. सोबत निरोप, "तुझ्या उंचीचा केलाय, तुला वाकावं लागणार नाय." ज्ञानेश्वरीबाईंनी तो फोटो जावांना दाखवला नाही. माझ्या बायकोला दाखवला. मला त्यांनी विचारले, "भाऊ, जहाजात पाटा-वरवंटा नेऊ देत्यात का?" मी म्हणालो, वजन होईल. "मग तिथं दगड आसत्यात का?" मी धम्मपालला विचारून सांगितले की असतात. जूनअखेरच्या चेन्नईच्या जहाजाचे त्यांचे तिकीट मीच काढून दिले. करार संपायला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

पुढचे सगळे मला कडुबाकडून आणि धम्मपालकडून कळले. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

मे महिन्यात प्रकल्पावरचा चारा संपत आला. बेटाला लागूनच एक टेकाड आहे. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि पायी जाता येते. टेकाडावर गवत होते, पाला होता, गोड्या पाण्याचे एक डबके होते. कडुबाने धम्मपालला सुचवले की आठवडाभर शेळ्या तिथेच बसवू, मी सोबत राहतो. बापजाद्यांची हीच रीत. धम्मपालने परवानगी दिली. एकसष्ट शेळ्या, वाघूर, एक ताडपत्री आणि कडुबा, असा वाडा तिथे पडला. टेकाडाच्या माथ्यावर कधीमधी रेंज येई आणि त्याचा आवाज त्या दिवसांत फार मोकळा होता, ज्ञानेश्वरीबाई सांगत. तेवीस वर्षांनी तो वाड्यावर झोपत होता.

निताईदाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "अमावस्या के पहले निकल जाना. उस टाइम पानी बहुत चढ़ता है." कडुबा म्हणाला, "हौ, निकलता." ठरले असे की मंगळवारी दुपारच्या ओहोटीला वाडा हलवायचा. मंगळवारी सकाळी दोन शेळ्या व्यायला लागल्या. एकीचे पिल्लू अडले होते. ते सुटेपर्यंत ओहोटी निघून गेली. कडुबाने मग बुधवारी चार वाजता निघायचे ठरवले.

बुधवारी दुपारी टेकाडाच्या माथ्यावर थोडी रेंज आली आणि ज्ञानेश्वरीबाईंचा फोन लागला. त्याने सांगितले की आज वाडा हलवतोय. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर बघितले. अमावास्या दुपारी दोनला लागत होती.

"आज नका हलवू," त्या म्हणाल्या. "दोनला लागती. उद्याचा दिस ऱ्हावा, परवा हलवा."

"इथला म्हातारा म्हणतोय पाणी चढतं."

"आत्याबाई काय म्हणल्या व्हत्या? तुम्हाला पक्कं व्हायला पंधरा दिस ऱ्हायलेत. आता काही इपरीत नको."

चार वाजता निताईदा डोंगीतून, म्हणजे त्याच्या लहान होडीतून, आला. कडुबा डोंगीत जाऊन बसला, दोघांनी विडी ओढली आणि कडुबाने सांगितले की आज नाही. निताईदाने पाण्याकडे बोट दाखवले, आभाळाकडे दाखवले, शेवटी रागावला. "तुम पागल है क्या? आज ही निकलो." आपल्या भावाचे, ट्रकचे, आईचे, हे सगळे कडुबाला त्या हिंदीत सांगता येईना. तो एवढेच म्हणाला, "हमारे में नहीं हलाते." निताईदा निघून गेला. रात्रीची भरती वाघरापासून बरीच खाली थांबली, त्यामुळे कडुबाला धीर आला.

गुरुवारी सकाळी वारा सुटला. दूर समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता, आणि तो मोठ्या भरतीच्याच वेळी बेटाजवळ आला. दहाच्या सुमारास पाणी एकदम टेकाडाच्या कमरेशी आले. नाथसागराचे पाणी मागे सरकले की पुढच्या पावसापर्यंत सरकलेले असते. कडुबाने आयुष्यभर तेच पाणी पाहिले होते. शेळ्या तिथेच वाघरात होत्या. त्याने विळ्याने जाळी कापायला घेतली, पण शेळ्या भेदरून नेमक्या जाळीवरच कोसळत होत्या आणि पाय अडकवून घेत होत्या. वीस शेळ्या त्याने माथ्यावर ढकलल्या. बाकीच्या त्याच्या समोर गेल्या. निताईदा तशा वाऱ्यात डोंगी घेऊन आला तेव्हा कडुबा छातीभर पाण्यात उभा राहून अजून जाळी कापत होता. त्या जाळीत तेव्हा जिवंत काही उरले नव्हते.

एकेचाळीस शेळ्या. त्यातल्या तीस पुढच्याच महिन्यात बेटावरच्या दहा कुटुंबांना द्यायच्या होत्या. ती माणसे टेकाडावर येऊन नुसती बघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे कडुबा म्हणाला.

संस्थेच्या मुख्य कार्यालयाने कारणे दाखवा नोटीस काढली. धम्मपालने मला फोन केला. "काका, तुम्ही खुलासा लिहून द्या. वारा अचानक आला, कल्पना नव्हती, एवढंच आलं पाहिजे. मग मी त्याला वाचवू शकतो. क्वार्टर पण राहील. पण सांगितलेलं असून हलवलं नाही, असं कागदावर आलं तर माझ्या हातात काही नाही."

असे कागद मी चौतीस वर्षे लिहीत आलो आहे. एका बैठकीत खुलासा तयार केला. खोटे वाक्य एकही नव्हते. वादळाची तारीख, वाऱ्याची दिशा, वाचवलेल्या शेळ्यांची संख्या, सगळे बरोबर. निताईदाने सांगितले होते ही गोष्ट मात्र त्यात नव्हती. धम्मपालने तो छापून कडुबाला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून कडुबाचा फोन आला.

"साहेब, कागद लई ब्येस लिव्हलाय. पण निताईदानं सांगितलं व्हतं की."

"ते लिहायची गरज नाही. विचारलेलंच नाही त्यांनी."

"पण मग त्ये म्हणतील, म्हाताऱ्यानं काहून नाय सांगितलं? सांगायचंच काम हाय ना त्याचं. त्याचं काम जाईल."

मी म्हणालो, निताईदाचे काम लहान आहे, त्याला खेकडे आहेत. तुझी नोकरी, तुझे घर पणाला लागले आहे. ज्ञानेश्वरीबाई तिकीट घेऊन बसल्या आहेत.

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"साहेब, त्यो माणूस मला डोंगीत घिऊन आला," तो म्हणाला. "त्याच्या म्होरं बसून ह्यो कागद वाचता येईल का मला?"

त्याने प्रकल्पावरच्या कारकुनाकडून हिंदीत अशा चार ओळी लिहून घेतल्या: "मला आधी सांगण्यात आले होते. त्या दिवशी अमावास्या होती, आमच्यात हलवत नाहीत, म्हणून मी हलवले नाही. निताई यांची चूक नाही." खाली सही. करार वाढवला नाही. निताईदाचे काम राहिले.

चेन्नईचे तिकीट मी रद्द केले. ज्ञानेश्वरीबाईंना मी एवढेच सांगितले की वादळात शेळ्या गेल्या. त्यांनी जास्त विचारले नाही. दगडाबाईला कळले तेव्हा ती म्हणाली, "लेकरू तर वाचलं. आमुशाला जागा सोडली नाय म्हणूनच वाचलं." हे तिने अगदी खात्रीने सांगितले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी, कडुबा परत आला. स्टेशनवर मी आणि ज्ञानेश्वरीबाई गेलो होतो. तो काळवंडला होता आणि हातावर जाळीच्या दोऱ्यांनी कापल्याचे वण होते. बाहेर चहाच्या टपरीजवळ बाकावर बसलो. बजाजनगरच्या खोल्यांत बोलता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते, म्हणून घाई कुणालाच नव्हती. मी जरा बाजूला सरकलो, पण ऐकू येत होते.

"किती गेल्या?" त्यांनी विचारले.

"येक्केचाळीस."

"वाघरातच व्हत्या?"

"व्हय."

"सोडलं नाय?"

"कापलं. उशीर झाला."

मेंढपाळाच्या लेकीला आणखी समजावून सांगावे लागत नाही.

"कोणता वार व्हता?"

कडुबाने माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याकडे बघत होतो.

"बेस्तरवार," तो म्हणाला.

"म्हंजी मी बुधवारी बोलले, त्याच्या दुसऱ्या दिशी."

"हं."

"मीच म्हणले, नका हलवू."

"तू नसती म्हणली तरी म्या हलवलं नसतं," कडुबा म्हणाला. "आमुशाच व्हती."

त्यांनी चहाचा कप न पिताच बाकावर ठेवला.

"पण मी म्हणले व्हते," त्या म्हणाल्या.